बांधावरच्या निर्गुडीचं बोन्साय : पहिली चार वर्षं

भातखाचराच्या बांधावर, ओढ्याकाठी, शेतरस्त्याच्या कडेला काही झुडपं दरवर्षी कोयत्यानं छाटली जातात आणि दरवर्षी पुन्हा फुटतात. मुळशी-मावळाकडे गेलात तर त्यांत निर्गुडी हमखास सापडेल. लांबून ती नुसता काड्यांचा झुबका दिसते. बुंध्याशी उकिडवं बसून पाला बाजूला सारला की मनगटाएवढं, कधी पोटरीएवढं, गाठीगाठींचं खोड मातीत रुतलेलं दिसतं. कित्येक वर्षांच्या कोयत्यानं ते घडवलेलं असतं. रोपवाटिकेतल्या सरळसोट रोपापासून असं खोड तयार करायला पंधरा-वीस वर्षं सहज जातात. इथे ते आधीच तयार आहे, फक्त चुकीच्या जागी आहे.

रानातून झाड आणून त्याचं बोन्साय करण्याला जपानीत यामादोरी म्हणतात. पुण्यात राहून, गॅलरीत किंवा गच्चीवर, पहिल्यांदाच हे करू पाहणाऱ्यांसाठी मी हे लिहिते आहे. सुरुवातीलाच एक सांगते, कारण बहुतेक झाडं हे न कळल्यामुळे मरतात : पहिल्या वर्षी बोन्साय करायचं नसतं. पहिल्या वर्षी झाड जगवायचं असतं. तार, आकार, सुंदर पाट (बोन्सायची उथळ कुंडी) यांतलं काहीही त्या वर्षी हातात घ्यायचं नाही.

निर्गुडीच का

पहिल्या झाडासाठी मी करवंद सुचवत नाही. करवंदाचं खोड देखणं असतं, पण ते कातळाच्या फटीत खोल सोटमूळ घालतं, खणताना बारीक मुळं हाती लागत नाहीत आणि नवशिक्याच्या हातून ते बहुधा जातं. शिवाय डोंगरची काळी मैना डोंगरावरच राहिलेली बरी, पाखरांना आणि टोपल्या घेऊन उतरणाऱ्या बायकांना तिची आपल्यापेक्षा जास्त गरज आहे. करवंदाचं बोन्साय हवंच असेल तर बी लावा किंवा रोपवाटिकेतून आणा.

निर्गुडीचं तसं नाही. ती खोडावर कुठेही फुटते, अगदी जुन्या, जाड सालीतूनही. मुळं निम्म्याहून जास्त कापली तरी सावरते. फांदी मातीत खोचली तर पावसाळ्यात ती जीव धरते. हाताच्या पंजासारखी तीन किंवा पाच पानं, त्यांची पांढुरकी पाठ, चुरगळली की येणारा तो उग्र वास आणि कोवळ्या काडीचा चौकोनी आकार, एवढ्यावरून ती ओळखता येते. आजीनं गुडघ्याला शेकायला पाला उकळलेला असेल तर वासावरूनच ओळखाल. या वासामुळेच गुरं तिला सहसा तोंड लावत नाहीत आणि म्हणून शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ती कुंपणाला लावली. आंबेगाव तालुक्यातलं निरगुडसर तर तिचं नावच वागवतं. चीनमध्ये पेन्जिंगसाठी, म्हणजे ज्या कलेतून पुढे बोन्साय आलं तिच्यासाठी, रानातली निर्गुडी फार जुन्या काळापासून वापरतात. आपल्याकडे मात्र ती अजून बांधावरच आहे.

कुठून आणायची आणि कुठून नाही

वेताळ टेकडी, तळजाई, बाणेर-पाषाणची टेकडी, सिंहगडाचा उतार, ताम्हिणी : इथून काहीही उपटायचं नाही. यातली बरीच जमीन वन खात्याची आहे आणि राखीव वनातून झाड खणून नेणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी टेकडीवरचं एकेक झुडूप तिथली तुटपुंजी माती धरून असतं. पुण्यात लोक पहाटे पाण्याच्या बाटल्या घेऊन टेकडी चढतात, रोपांना पाणी घालतात. त्याच टेकडीवर पहार घेऊन चढणं मला जमणार नाही आणि तुम्हीही ते करू नये.

मग कुठून? जिथून ती तशीही जाणार आहे तिथून. पहिली जागा म्हणजे ओळखीच्या शेतकऱ्याचा बांध. दुसरी, घर बांधायला घेतलेला प्लॉट, जिथे आठवड्याभरात जेसीबी फिरणार आहे. तिसरी, कुणाचं तरी जुनं कुंपण, जे काढून तिथे भिंत घालायची आहे. तिन्ही ठिकाणी मालकाला विचारायचंच, आणि विचारताना काय करणार आहोत ते नीट सांगायचं. पौडच्या पुढे एका मावशींच्या बांधावर मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, पाला न्या की शेकायला. बुडखा कशाला पायजे?" मी सांगितलं, कुंडीत लावणार. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "न्या, पण बांध ढासळू देऊ नका."

ते वाक्य मी तेव्हापासून नियम म्हणून पाळते. निर्गुडीची मुळं बांध धरून ठेवतात. एक झाड काढलं की खड्डा दगडमातीनं ठासून भरायचा, पायानं दाबायचा, आणि त्याच झाडाच्या छाटलेल्या फांद्यांपैकी अंगठ्याएवढ्या जाडीच्या तीन-चार काड्या, दीड-दोन वीत लांबीच्या, तिथेच तिरप्या खोचायच्या. दोन तृतीयांश काडी मातीत, उरलेली वर. पाऊस असेल तर यातल्या एक-दोन तरी धरतात. पुढच्या वर्षी जाऊन बघाही, शेतकऱ्यालाही बरं वाटतं.

कधी

पुण्याच्या हवेत निर्गुडी काढायच्या दोन वेळा आहेत. एक फेब्रुवारीच्या शेवटी, पानं झडून डोळे फुगायला लागतात तेव्हा. पण लगेच मार्च-एप्रिलचं ऊन येतं आणि नुकती मुळं तुटलेल्या झाडाला कोरड्या वाऱ्यात सांभाळणं नवशिक्याला अवघड जातं. दुसरी वेळ पावसाळ्याच्या सुरुवातीची, आणि पहिल्या झाडासाठी मी तीच सांगेन. पुण्यात मोसमी पाऊस साधारण १० जूनच्या सुमारास येतो. वळवाच्या एका सरीवर धावू नका. मृग बरसून माती दोन वीत खोल भिजली, आभाळ चार-पाच दिवस सलग भरून राहिलं की निघा. जूनचा शेवटचा आठवडा ते जुलैचा मध्य हा काळ उत्तम. ऑगस्टनंतर काढलेल्या झाडाला मुळं धरायला वेळ कमी मिळतो.

कोणतं झाड

नवशिका फांद्या बघतो. फांद्यांकडे बघूच नका, त्या सगळ्या जाणार आहेत. बघायचं ते जमिनीपासून एक वीतभर वरपर्यंतचं खोड. ते बुडाशी रुंद आणि वर निमुळतं होत जातंय का? बोटांनी माती उकरा : मुळं चहूबाजूंनी पसरलेली आहेत, की एकाच बाजूला? पसरलेली असतील तर झाड जमिनीत पाय रोवून उभं आहे असं वाटतं आणि बोन्सायमध्ये निम्मं सौंदर्य तिथेच असतं. जपानीत त्याला नेबारी म्हणतात.

पहिल्यांदा मनगटाएवढंच घ्या. पोटरीएवढा बुंधा मोहात पाडतो, पण त्याची मुळं खोल असतात, वजन पेलत नाही आणि वरचा मोठा काप बुजायला वर्षानुवर्षं लागतात. खोडावर नखानं बारीक खरवडून पाहा. आत हिरवं ओलं दिसलं तर ठीक. बुंध्यात पोकळी असेल आणि आत मुंग्या-वाळवीची माती असेल तर ते झाड सोडा.

खणताना

सोबत एवढं असू द्या : पहार, कुदळ, बारीक दातांची घडीची करवत, धारदार सिकेटर (छाटणीची कात्री), दोन ओली गोणपाटं, सुतळी, पाण्याचा कॅन. पायात उंच बूट आणि हातात जाड हातमोजे. पावसाळ्यात बांधाच्या दगडांखाली विंचू असतात आणि घोणस, फुरसंही, म्हणून हात घालण्याआधी काठीनं आवाज करून घ्या.

आधी वरचा भार कमी करा. मनात जेवढी उंची आहे त्याच्या दीडपट ठेवून खोड कापा. वीतभराचं झाड करायचं असेल तर दीड वीत ठेवा. कापाजवळचं लाकूड थोडं वाळत खाली येतं, म्हणून ही शिल्लक लागते. आणि आधी छाटल्यानं मोकळेपणी खणताही येतं.

मग खोडापासून एक वीत अंतरावर गोल चर खणा. पहार उभी मारायची, आडवी नाही, नाहीतर साल सोलून निघते. आडवी जाणारी मुळं दिसली की सिकेटरनं कापा, ओढून तोडू नका. फाटलेलं मूळ कुजतं, कापलेलं मूळ फुटतं. सगळ्या बाजू मोकळ्या झाल्या की झाड हळूच हलवून पाहा. कुठे अडतंय तिथे सोटमूळ असतं. ते करवतीनं, जितकं वर जमेल तितकं वर कापा, मात्र त्याच्या वरच्या भागात बारीक मुळं असली तर. काळजी घ्यायची ती या बारीक, दोऱ्यासारख्या मुळांची. जाड मूळ म्हणजे खुंटी, पाणी पितात ती बारीक मुळं.

झाड बाहेर आलं की लगेच ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि सुतळीनं बांधा. गाडीच्या टपावर वाऱ्यात नेऊ नका. चांदणी चौकातल्या वाहतुकीत तासभर अडकलात तर मुळं तेवढ्यात वाळतात, म्हणून कॅनमधलं पाणी अधूनमधून गोणपाटावर शिंपडत राहा. त्याच दिवशी लावायचं, उद्यावर ढकलायचं नाही.

क्रेट आणि माती

बोन्सायच्या पाटात लगेच लावू नका. भाजी-फळांसाठी मिळतो तो जाळीदार प्लास्टिक क्रेट पहिल्या दोन वर्षांसाठी मला सगळ्यात सोयीचा वाटतो. चारही बाजूंनी हवा लागते, पाणी साचत नाही, आणि फटींतून मुळं दिसतात. याचं महत्त्व पुढे कळेलच. आतून शेडनेटचा तुकडा लावा म्हणजे माती वाहून जाणार नाही. भरलेला क्रेट जड होतो, गॅलरीच्या कठड्यावर कधीही ठेवू नका.

बांधाची काळी माती तशीच ठेवली तर कुंडीत ती चिखल होते आणि सुकली की भेगाळते. निर्गुडी सोसते, म्हणून मी पाण्याच्या हलक्या धारेखाली निम्मी-पाऊण माती धुऊन काढते. फाटलेली मुळं पुन्हा एकदा स्वच्छ कापून घ्या.

लावण्याचं मिश्रण : विटांचे तुकडे ३ भाग, जाड दगडी कच १ भाग, धुतलेलं कोकोपीट १ भाग. तुकडे ३ ते ६ मिलिमीटरचे हवेत. दोन चाळण्या लागतात, एकीनं मोठे बाजूला काढायचे आणि दुसरीनं पावडर गाळून टाकायची. पावडरच मुळांचा श्वास कोंडते. वीट पक्की भाजलेली हवी. चार तुकडे रात्रभर बादलीत भिजवा, सकाळी बोटानं चिरडून गाळ झाले तर ती वीट नको. आकादामा, म्हणजे बोन्सायसाठी वापरतात ती दाणेदार जपानी माती, मिळाली तरी इतका खर्च पहिल्या झाडावर करण्याची गरज नाही, भाजलेली वीट हेच काम करते. शेणखत किंवा गांडूळखत यात घालू नका. कापलेल्या मुळांना ते सोसत नाही.

आता क्रेटच्या जाळीतून तार किंवा सुतळी ओवून खोड घट्ट बांधा. क्रेट उचलला तरी झाड डगमगता कामा नये. नवी मुळं केसाएवढी नाजूक असतात, खोड जरा हललं की तुटतात. काडीनं मिश्रण मुळांमध्ये सारत पोकळ्या भरा. तळातून स्वच्छ पाणी येईपर्यंत पाणी द्या.

वरच्या कापाला बोर्डो पेस्ट लावा. द्राक्षबागायतदारांच्या घरी ती नेहमीची आहे. १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे विरघळवून मग एकत्र करायचे. धातूचं भांडं वापरू नका. स्वच्छ घासलेला लोखंडी खिळा मिश्रणात बुडवून पाहा, त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. चुना विझवताना तो उकळतो, तेव्हा डोळे जपा. पेस्ट फक्त खोडाच्या कापांना, मुळांना नाही.

पहिले तीन महिने

इथे मला सावकाश लिहायचं आहे.

मी आणलेली पहिली निर्गुडी लावल्यावर पंधराव्या दिवशी फुटली. खोडभर हिरवे-जांभळट कोंब. मला वाटलं, जगलं. हवा दमट राहावी म्हणून झाडावर घातलेली प्लास्टिकची पिशवी मी काढली, क्रेट उन्हात सरकवला, मूठभर शेणखतही घातलं. कोंब बोटभर वाढले आणि थांबले. मग दुपारी माना टाकायला लागले. दसऱ्याला झाड काढून पाहिलं तर एकही नवं मूळ नव्हतं. जे होतं तेही काळं पडलं होतं. बांधावर इतकी वर्षं टिकलेलं झाड माझ्या गॅलरीत तीन महिन्यांत गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

झालं होतं असं : खोडात झाडानं स्टार्चच्या रूपात अन्न साठवलेलं असतं. मुळं असोत-नसोत, त्या साठ्यावर कोंब फुटतात. साल ओली असेपर्यंत ते वाढतात. मग पानं पाणी मागायला लागतात आणि द्यायला मुळं नसतात. म्हणजे कोंब फुटले म्हणून मुळं फुटली असं समजायचं नाही. हा फसवा बहर जवळजवळ प्रत्येक झाडाला येतो, आणि तेव्हाच आपण काहीतरी करायला जातो.

म्हणून लावल्याबरोबर झाडावर मोठी पारदर्शक प्लास्टिक पिशवी सैलसर घाला. खोडाला टेकू नये म्हणून दोन-तीन बांबूच्या काड्या उभ्या करा. खाली एका बाजूनं बोटभर फट ठेवा. आतली हवा दमट राहिली की कोंबांचं पाणी उडत नाही आणि मुळांना वेळ मिळतो. क्रेट उजेडात ठेवा, पण थेट उन्हात नाही. पिशवीखाली ऊन आलं की तासाभरात कोंब शिजतात. पूर्वेकडची गॅलरी किंवा ५० टक्के शेडनेटखालची गच्ची चांगली. पन्हळीखाली ठेवू नका.

पाणी रोज ठरावीक वेळी नाही, बोट घालून बघून. वरचा बोटाचं पेर बुडेल एवढा थर कोरडा वाटला तरच. पुण्यात जुलैमध्ये कधीकधी चार-चार दिवस पाणी द्यावंच लागत नाही.

या काळात झाडाला हात लावायचा नाही. कोंब खुडायचे नाहीत, एकही नाही, चुकीच्या जागी आलेलाही नाही. प्रत्येक पान मुळांसाठी अन्न करतंय. मुळं आली का ते बघायला झाड ओढूनही पाहू नका. क्रेटच्या फटींत बघा. पांढरी, मोड आलेल्या मटकीच्या शेपटीसारखी टोकं दिसली, आणि वर कोंब नुसते फुगून न थांबता पेरापेरानं लांबायला लागले, म्हणजे झाडानं घर मानलं. बहुतेकदा हे ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात, गणपतीच्या आगेमागे होतं. उशीर झाला तरी घाबरू नका. साल खरवडून हिरवी दिसते तोवर आशा आहे.

मग पिशवी एकदम काढायची नाही. पहिले चार दिवस वरून दोन भोकं, नंतर फक्त रात्री उघडी, मग सकाळीही. दोन आठवड्यांत पूर्ण मोकळी. ऑक्टोबर हीट सुरू होण्याआधी हे संपलेलं हवं, पण शेडनेट मात्र दिवाळीपर्यंत राहू द्या. खत सप्टेंबरच्या शेवटी, कोंबांची साल तपकिरी व्हायला लागल्यावर : क्रेटला दोन मुठी निंबोळी पेंड, बस.

हिवाळा आणि पहिला उन्हाळा

डिसेंबरमध्ये पानं पिवळी पडून गळतील. याला मरणं समजून पाण्याचा मारा करू नका. निर्गुडी थंडीत पानं टाकतेच. पानं नाहीत म्हणजे तहानही कमी, तेव्हा पाणी निम्म्यावर आणा. फेब्रुवारीत पुन्हा फुटेल.

उन्हाळ्यात सकाळचं ऊन द्या, अकरा ते चार सावली. एप्रिल-मेमध्ये सकाळ-संध्याकाळ पाणी, आणि मातीवर ओलं गोणपाट पसरून ठेवा. ज्या सोसायट्यांत बोअर किंवा टँकरचं पाणी येतं तिथे मातीवर आणि खोडाच्या बुडाशी पांढरा थर चढतो. तो क्षारांचा असतो. महिन्यातून एकदा भरपूर पाणी वरून सोडून माती धुवा, आणि पावसाचं पाणी पिंपात साठवता आलं तर झाडांसाठी ते राखून ठेवा. कोवळ्या शेंड्यांवर पिठ्या ढेकूण दिसला तर जुन्या टूथब्रशनं घासून काढा, उरलेल्यावर लिटरभर पाण्यात ५ मिली निमतेल आणि थेंबभर साबण मिसळून संध्याकाळी फवारा.

दुसरं वर्ष : आता फांद्या निवडा

दुसऱ्या फेब्रुवारीत, झाड पानांशिवाय असताना, ते डोळ्यांच्या उंचीवर ठेवा आणि तासभर फक्त बघा. फिरवून बघा. मुळांचा पसारा कुठून सगळ्यात रुंद दिसतो, खोडाचं वळण कुठून कळतं, मोठा काप कुठल्या बाजूला मागे लपतो? ती बाजू पुढची. पुढची बाजू ठरवल्याशिवाय सिकेटर उचलू नका.

कापाजवळ कोंबड्याच्या तुऱ्यासारखा कोंबांचा झुपका आला असेल. तो तसाच राहिला तर तिथे खोड फुगून बेढब गाठ होते. त्यातला एक, शक्यतो वळणाला पुढे नेणारा, शेंडा म्हणून ठेवा. खोडाच्या उरलेल्या उंचीवर तीन ते पाच फांद्या ठेवा : पहिली साधारण एक तृतीयांश उंचीवर, पुढच्या आलटून पालटून डाव्या-उजव्या, एखादी मागे. वळणाच्या आतल्या बाजूची फांदी काढा, बाहेरची ठेवा. बाकी सगळे कोंब बुडाशी सपाट कापा. शेंड्याच्या वर उरलेला खुंट आता तिरपा कापून, पेस्ट लावून घ्या.

आता निर्गुडीची एक खासियत कामी येते. तिची पानं समोरासमोर जोडीनं येतात आणि प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो. त्यामुळे फांदी कुठेही कापली की कापाखालच्या जोडीतून दोन कोंब फुटतात आणि आपोआप दुबेळकं तयार होतं. चीनमधल्या ग्वांगडाँगकडची लिंगनान पद्धत याच तत्त्वावर चालते : फांदीला हवं तेवढं मोकळं वाढू द्यायचं, जाड झाली की एक-दोन पेरांवर कापायची, नव्या कोंबांना पुन्हा मोकळं सोडायचं. तारेपेक्षा कात्रीनं आकार द्यायचा. मला निर्गुडीसाठी हीच पद्धत सगळ्यात योग्य वाटते, कारण प्रत्येक कापाला फांदीची दिशा बदलते आणि ती खऱ्या झाडासारखी मोडत-वळत जाते. घाई मात्र चालत नाही. खालची फांदी करंगळीएवढी जाड होईपर्यंत कापू नका, मग ती गॅलरीबाहेर हातभर गेली तरी चालेल. पाहुणे विचारतील, हे बोन्साय आहे का? हो म्हणा.

तार लागतेच ती फांदीचा पहिला कोन बसवायला. फांदी हिरवट-तपकिरी, पेन्सिलीपेक्षा बारीक असतानाच, कारण नंतर ती लाकूड होते आणि कडकन मोडते. ॲल्युमिनियमची तार, फांदीच्या जाडीच्या एक तृतीयांश जाडीची, ४५ अंशांत गुंडाळायची, ना सैल ना घट्ट. पावसाळ्यात निर्गुडी इतक्या वेगानं जाड होते की तीन-चार आठवड्यांत तार सालीत रुतते. जुलै-ऑगस्टमध्ये दर रविवारी तार तपासा. काढताना उलगडू नका, पक्कडीनं तुकडे करून काढा.

तिसरं आणि चौथं वर्ष : मुळं, मग पाट

तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी, डोळे फुगताना, झाड क्रेटमधून काढा. काडीनं मुळं विंचरा, बाहेरून आत. पहिल्या खणण्यात राहिलेली जाड मुळं आता मागे कापता येतील, कारण जवळ बारीक मुळांचं जाळं झालेलं असतं. सोटमुळाचा उरलेला खुंटही आणखी वर घ्या. एकंदर एक तृतीयांशापेक्षा जास्त मुळं काढू नका. त्याच मिश्रणात, आता त्यात एक भाग जुनं, चाळलेलं शेणखत मिसळून, चार-पाच इंच खोल मातीच्या कुंडीत लावा आणि पुन्हा बांधून घट्ट करा. महिनाभर सावली.

खरा पाट चौथ्या किंवा पाचव्या वर्षी. लांबी झाडाच्या उंचीच्या दोन तृतीयांश, खोली बुंध्याच्या जाडीएवढी, असा संकेत आहे. पुण्यासाठी मी तो थोडा मोडते आणि पाट अर्धा-पाऊण इंच जास्त खोल घेते. उथळ पाट मेमधल्या उन्हात दुपारपर्यंत कोरडा होतो आणि आपण तेव्हा ऑफिसात असतो. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला गेलात तर तिथल्या बोन्सायांच्या शेंड्याकडे नाही, बुंध्याकडे आणि पाटाच्या कडेकडे बघत फिरा. कोणत्या खोडाला कुठली खोली शोभते ते फोटोंपेक्षा तिथे लवकर कळतं.

पाटात गेलेलं झाड दर पंधरा दिवसांनी अर्धं फिरवा, नाहीतर गॅलरीत ते एकाच बाजूला उजेडाकडे झुकतं. पानं मोठी वाटत असतील तर झाड जोमात असताना, मेच्या शेवटी, सगळी पानं देठ ठेवून कापता येतात, नवी लहान येतात. पण हे चौथ्या वर्षाच्या आधी नाही आणि वर्षाआड.

निळसर-जांभळी फुलं हवी असतील तर त्या वर्षी जूननंतर शेंडे खुडू नका. निर्गुडी नव्या कोंबाच्या टोकाला फुलते, सतत खुडत राहिलं तर टोकच राहत नाही. तुरे कोमेजले की बी धरण्याआधी दोन पेरं ठेवून कापा, आणि कापलेल्या काड्यांतली एखादी मातीत खोचा.